परदेशातलं भागीदारीचं काम घ्यायचंय? आधी घरचं काम तसं चालवून बघा

गोव्यात खाणी बंद पडल्यापासून एक प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. २०१२ मध्ये खाणकाम थांबलं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केली, आणि ज्यांच्या दारात टिपर, पोकलेन, डोझर उभे होते ते रस्ते-पुलांच्या कामांकडे वळले. आता त्यांची मुलं म्हणतात, इथली कामं मोजकी, बाहेरच्या मोठ्या कंपन्या येऊन खालच्या दराने उचलतात, तेव्हा आपणच आफ्रिकेत कुणाबरोबर तरी जॉइंट व्हेंचर करून शिरूया. "ताई, यंत्रं आहेत, माणसं आहेत, बँक ओळखीची आहे. आम्ही तयार आहोत ना?"

मी कंत्राटदार नाही. फोंड्यात राहणारी क्वांटिटी सर्व्हेअर आहे. कंत्राटदारांची बिलं, करार आणि क्लेम बघण्यात आयुष्य गेलं, त्यातली बरीच वर्षं पूर्व आफ्रिकेतल्या कामांवर. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. यंत्रं हा तयारीतला सर्वात सोपा भाग. ती विकत मिळतात, भाड्यानेही मिळतात. अवघड आहे ते ऑफिसला वळण लावणं: रोजची नोंद, वेळेवर पत्र, दर महिन्याला खर्चाचा खरा हिशोब, आणि पैसे अडकले तरी चार महिने तग धरायची ताकद. हे वळण विमानातून उतरल्यावर लागत नाही. ते इथेच, पीडब्ल्यूडीच्या एखाद्या चालू कामावर लावून घ्यावं लागतं. ते कसं, हे पुढे सांगते. आधी तुम्ही सही कशावर करणार आहात ते बघू.

सही कशावर होते

जेव्हीत, म्हणजे जॉइंट व्हेंचरमध्ये, आपला वाटा ३० टक्के म्हणजे जबाबदारीही ३० टक्के, असं जवळजवळ प्रत्येकजण धरून चालतो. आपापसांत ते खरं. मालकापुढे, म्हणजे काम देणाऱ्यापुढे, त्याला काही अर्थ नाही. जागतिक बँक, आशियाई विकास बँक, आफ्रिकी विकास बँक यांच्या कर्जातून होणाऱ्या मोठ्या बांधकामांना बहुतेक वेळा फिडिकच्या, म्हणजे सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, करार-अटी लागतात. त्यातलं कलम १.१४ सांगतं की जेव्हीतले सगळे सदस्य मालकाला एकत्रितपणे आणि एकेकटेही जबाबदार. आकड्यात सांगायचं तर १०० कोटींचं काम, तुमचे ३० कोटी, आणि ७० कोटीवाला मध्येच बुडाला, तर उरलेलं सगळं काम पुरं करायची जबाबदारी तुमच्यावर. भागीदाराकडून नंतर वसूल करा, तो तुमचा प्रश्न.

गोव्यातल्या बऱ्याच बांधकाम कंपन्या घरच्या आहेत. भाऊ, चुलते, कधी वहिनी संचालक. बँक वैयक्तिक हमी मागते आणि तारणात राहतं घर किंवा कुळागर (सुपारी-नारळाची बाग) जातं. म्हणून हा विषय फक्त धाकट्या इंजिनिअर मुलाने आणि सीएने ठरवायचा नाही. ज्यांची सही हमीपत्रावर पडणार त्या सगळ्यांना एका टेबलाशी बसवा आणि हा १०० कोटींचा हिशोब त्यांच्यापुढे मांडा. कुणी नाही म्हणालं तर तो निकाल समजा. पुढचं वाचायची गरज नाही.

जेव्ही दोन तऱ्हांची असते. एकात सगळं एकत्र: एक साइट ऑफिस, एक बँक खातं, नफा-तोटा वाट्याप्रमाणे. दुसऱ्यात काम वाटून घेतात: पूल तुमचे, रस्ता आमचा, ज्याने त्याने आपला खर्च सांभाळायचा. मध्यम कंपनीला पहिल्या खेपेला मी दुसरीच सुचवते. एकत्र हिशोबात मोठ्या भागीदाराच्या मुख्यालयाचा खर्च, त्याच्या यंत्रांचं भाडं, त्याच्या माणसांचे पगार आधी वजा होतात, आणि शेवटी वाटायला काय उरलं ते तोच सांगतो. वाटून घेतलेल्या कामात निदान आपला खर्च आपल्याला दिसतो. तिथेही मालकापुढची जबाबदारी एकत्रितच राहते, हे विसरू नका. शिवाय सीमेवरच्या कामांचं भांडण ठरलेलं. पुलाला रस्ता जिथे भिडतो तिथला भराव कुणाचा? तो खचतो, आपल्याकडेही प्रत्येक पावसाळ्यात खचताना दिसतो. पूलवाला म्हणतो रस्त्याचा, रस्तेवाला म्हणतो पुलाचा. अशा जागा नकाशावर रंगाने आखून, कराराला जोडून, दोघांच्या सह्या घ्याव्यात. बीओक्यूतल्या (कामांच्या परिमाण-यादीतल्या) बाबी वाटून घेतल्या म्हणजे काम वाटलं असं होत नाही.

पैशाचं गणित

समजा तुमच्या वाट्याला २४ महिन्यांचं ६० कोटींचं काम आलं. महिन्याला सरासरी अडीच कोटी खर्च. फिडिकच्या १९९९ च्या लाल पुस्तकाप्रमाणे, म्हणजे बांधकामाच्या नमुना-कराराप्रमाणे, तुम्ही महिन्याचं स्टेटमेंट (बिल) दिलं की मालकाने नेमलेल्या इंजिनिअरकडे सर्टिफिकेटसाठी २८ दिवस, आणि स्टेटमेंट पोचल्यापासून ५६ दिवसांत मालकाने पैसे द्यायचे. म्हणजे महिन्याच्या पहिल्या तारखेला ओतलेल्या काँक्रीटचे पैसे, सगळं वेळेवर झालं तर, साधारण तीन महिन्यांनी हातात. साडेसात कोटी कायमचे कामात गुंतलेले. त्यात रिटेन्शन, म्हणजे मालक बिलातून राखून ठेवतो ती रक्कम, कापलं जाणार ते वेगळं. आणि वेळेवर पैसे देणारे मालक मी थोडेच पाहिलेत.

यावर लोक म्हणतात, पण ॲडव्हान्स मिळतो ना. १० टक्के धरला तर सहा कोटी मिळतात, तेवढ्याच रकमेची बँक गॅरंटी देऊन. तो कॅम्प उभारण्यात, क्रशर आणि बॅचिंग प्लँट बसवण्यात, जहाजाच्या भाड्यात संपतो. मग प्रत्येक बिलातून त्याची कपात सुरू होते, नेमकी तेव्हाच तुमचा खर्च शिगेला असतो. त्यावर परफॉर्मन्स सिक्युरिटी, म्हणजे काम नीट पुरं करण्याची हमी, तीही १० टक्के धरा. म्हणजे बँकेने मंजूर केलेल्या गॅरंटी लिमिटपैकी १२ कोटी फक्त या कामाला अडकले. इथल्या चालू कामांच्या गॅरंट्या आधीच लिमिट खाऊन बसल्या असतील तर नव्याला जागा कुठली?

आणखी एक गोष्ट आपल्याकडचे बँक मॅनेजरही पहिल्यांदा ऐकतात. तिथल्या मालकाला बहुधा तिथल्याच बँकेचा कागद लागतो. मग आपली बँक त्या बँकेला काउंटर गॅरंटी देते आणि ती बँक मालकाला गॅरंटी देते. कमिशन दोन्हीकडे. आणि या गॅरंट्या मागताक्षणी पैसे देण्याच्या असतात. वाद चालू आहे, चूक आमची नाही, असं बँकेला सांगून उपयोग नाही. भागीदाराच्या चुकीवरूनही जेव्हीची गॅरंटी फोडता येते.

माझा ठोकताळा असा: वाट्याच्या कामाचा चार महिन्यांचा खर्च मोकळा असल्याशिवाय निविदा भरू नये. वरच्या उदाहरणात दहा कोटी. मोकळा म्हणजे दुसऱ्या कामाच्या थकलेल्या बिलावर अवलंबून नसलेला.

चलनाचा विषय यापेक्षा मोठा. निविदेत विचारतात, किती टक्के डॉलरमध्ये आणि किती स्थानिक चलनात हवेत. पुष्कळजण अंदाजाने साठ-चाळीस लिहून मोकळे होतात. असं करू नका. तक्ता घाला: भारतीय माणसांचे पगार, सुटे भाग, जहाजभाडं, आपल्या यंत्रांचं भाडं, बिटुमेन, विम्याचे हप्ते, मुख्यालयाचा खर्च आणि नफा हे सगळं परकीय चलनात, मजुरी, वाळू, खडी, कॅम्पचा किराणा, स्थानिक वाहतूक तिथल्या चलनात. दर ठरतो निविदेच्या शेवटच्या तारखेच्या २८ दिवस आधीचा, आणि तोच कामभर चालतो. स्थानिक चलनात जास्त टक्के घेतले आणि ते घसरलं, तर घसरगुंडी तुमची. मोझांबिकमध्ये एप्रिल २०१६ मध्ये सरकारने दडवलेली कर्जं उघडकीला आली, नाणेनिधीने आणि देणगीदार देशांनी हात आखडला आणि मेटिकल कोसळलं. इथिओपियाने जुलै २०२४ मध्ये बिर बाजारावर सोडला, तेव्हा डॉलरमागे सुमारे ५७ असलेला भाव काही आठवड्यांत शंभरावर गेला. तिथे स्थानिक चलनात नफा धरून बसलेल्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

म्हणूनच काम कोणाच्या पैशाचं हे आधी विचारायचं. विकास बँकेच्या कर्जाचं असेल तर पैसा आहे. तरी भूसंपादन आणि कर हे भाग अनेकदा त्या सरकारनेच भरायचे असतात, आणि तिथेच गाडी अडते. मोपा विमानतळाच्या आणि हायवेच्या जमिनींचा घोळ पाहिलेल्या गोवेकराला हे वेगळं समजवावं लागत नाही. सरकारच्या निव्वळ स्वतःच्या बजेटमधलं काम असेल, तर पहिल्या खेपेला हात लावू नका. भारताच्या एक्झिम बँकेच्या लाइन ऑफ क्रेडिटवरची (त्या देशाला दिलेल्या कर्जातली) कामं पहिल्या पायरीला बरी. त्यात साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून न्यायची अट असते आणि पैसे भारतातल्या बँकेकडून मिळतात.

भागीदार पारखणं

मोझांबिक आणि अंगोला म्हटलं की गोव्यात कुणाचा ना कुणाचा काका तिथे असतो. ओळख उपयोगी पडते, पण ओळखीवर भागीदार निवडू नये. क्रम असा ठेवा.

आधी इथे बसूनच जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर बंदी घातलेल्या कंपन्यांची यादी उघडा. भागीदाराचं, त्याच्या संचालकांचं, त्याच्या सख्ख्या कंपन्यांचं नाव शोधा. २०१० पासून पाच मोठ्या विकास बँकांमध्ये करार आहे: एकीने वर्षाहून जास्त बंदी घातली की बाकीच्याही दारं लावतात. तुमचा भागीदार त्यात सापडला तर निविदा तिथेच बाद, आणि काम मिळाल्यावर त्याने काही भानगड केली तर शेकते तुमच्यावरही. इथेच एजंटचा विषय. "काम मिळालं तर इतके टक्के" म्हणणारा कुणीतरी भेटतोच. जागतिक बँकेच्या निविदापत्रात कुणाला किती कमिशन दिलं वा देणार ते लिहून द्यावं लागतं. जे तिथे लिहिता येणार नाही ते देऊ नका. एवढा नियम पुरतो.

मग पाच वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब आणि चालू दाव्यांची यादी मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर चहा घेऊन उठा.

मग त्याच्या यार्डात जा. त्याने दाखवलेल्या चकाचक साइटवर नव्हे, यार्डात. स्टोअरमध्ये फिल्टर, होज, हायड्रॉलिक सील यांचा साठा कितीचा आहे ते बघा. एक्स्कॅव्हेटरच्या बकेटच्या पिनांना ग्रीस ताजं आहे की वाळून काळं झालंय, ते बोट लावून बघा. अवरमीटर चालू आहेत का? बंद पडलेल्या मशीनचे भाग काढून दुसऱ्याला लावलेत का? एक डोझर असा उघडा पडलेला असणं सगळीकडेच असतं. पाच असतील तर त्या कंपनीकडे रोख नाही. मग जवळच्या डिझेल पंपावर आणि सिमेंटवाल्याकडे विचारा, उधारी किती दिवसांची चालते. ताळेबंदात जे दिसत नाही ते पंपवाला दोन वाक्यांत सांगतो.

स्थानिक भागीदार काय आणतो हेही स्पष्ट हवं. नोंदणी आणि परवाना, मोझांबिकमध्ये कंत्राटदाराचा अल्वारा लागतो. खडीची खाण, मजूर, कस्टममधला अनुभव. जागतिक बँकेच्या काही कामांत पात्र देशांतल्या कंत्राटदारांना तुलनेच्या वेळी ७.५ टक्क्यांची सवलत मिळते, तीही त्याच्यामुळे जेव्हीला मिळते का ते बघा. नुसतं "मंत्रालयात ओळख" आणणारा भागीदार नको. मंत्री बदलतात.

आकड्यांची पात्रताही याच टप्प्यावर तपासा. निविदेच्या तिसऱ्या विभागात लिहिलेलं असतं: उलाढालीची अट सगळ्यांनी मिळून पुरी करायची, पण प्रत्येकाने अमुक टक्के आणि एकाने तरी तमुक. २५ आणि ४० टक्के हे आकडे बऱ्याच निविदांत दिसतात. १०० कोटींची अट असेल आणि तुमची सरासरी उलाढाल २२ कोटी, तर भागीदार कितीही मोठा असला तरी जेव्ही बाद. हे गणित निविदेवर खर्च करण्याआधी करायचं.

आपापसातला करार

निविदेबरोबर जेव्हीचा करार किंवा तो करण्याचं इरादापत्र आणि मसुदा लागतो, शिवाय मुख्य भागीदाराच्या नावे मुखत्यारपत्र. पुष्कळजण दोन पानी मसुदा जोडतात आणि "काम मिळालं की सविस्तर करू" म्हणतात. काम मिळाल्यावर मोठा भागीदार घाईत असतो, तुम्ही खुशीत असता, आणि मग हवं ते लिहून घेता येत नाही. म्हणून वीस पानी करार आधीच.

त्यात काय हवं ते मी एका दमात सांगते: निविदेचा खर्च कुणाचा, काम मिळेपर्यंत कुणी दुसऱ्याबरोबर निविदा भरायची नाही, संचालन समितीत दोघांचे किती आणि कोणते निर्णय एकमतानेच, एकमत झालं नाही तर किती दिवसांत कुणाकडे जायचं, बँक खात्यावर दोघांच्या सह्या, पैसे टाकायची मागणी आली आणि एकाने टाकले नाहीत तर किती व्याज, किती दिवसांनी वाटा कमी, एकाच्या चुकीने दंड बसला तर भरपाई कोणी, दोषदुरुस्तीच्या वर्षात साइटवर कुणाची माणसं राहणार, वाद कुठे आणि कुठल्या कायद्याने. लवाद तिसऱ्या देशात ठेवा आणि भागीदाराचा देश १९५८ च्या न्यूयॉर्क करारात आहे ना ते बघा, नाहीतर निवाडा जिंकूनही वसुली होणार नाही. मोझांबिक-अंगोलात मूळ करार पोर्तुगीजमध्ये असतो आणि तोच चालतो. इंग्रजी भाषांतर तुमच्या सोयीपुरतं. गोव्यात पोर्तुगीज वाचणारी माणसं अजून मिळतात, विद्यापीठात तो विभाग आहे. तरी कायद्याच्या वाचनाला तिथला वकीलच लागतो.

एका कलमावर जास्त वेळ घालवा: यंत्रांचं भाडं. खाणीवाल्यांना वाटतं, उभे टिपर जहाजात घालू, भाडं मिळेल. आधी बघा की त्या देशात गाड्या कुठल्या बाजूने चालतात. मोझांबिक, टांझानिया, केनियात आपल्यासारख्या डाव्या; अंगोला, इथिओपियात उजव्या. मग वापरलेलं यंत्र आणायला वयाची अट आहे का, ते तात्पुरतं आयात करून परत न्यायच्या बंधपत्रावर जाणार की पूर्ण जकात भरून, आणि काम संपल्यावर ते परत आणायचा खर्च निघतो का. एवढं करून ते जायचंच ठरलं, तर करारात दर तासाचा की महिन्याचा, डिझेल कुणाचं, ऑपरेटर कुणाचा, बंद राहिलं तर अर्धं भाडं की काहीच नाही, पावसात उभं राहिलं तर काय, हे सगळं दरपत्रक म्हणून जोडा. भागीदारांची सर्वात कडवट भांडणं मी याच दरपत्रकावरून पाहिलीत. एका कामावर तर दुसऱ्या भागीदाराचा ग्रेडर तीन महिने ब्लेडशिवाय उभा, आणि त्याचं भाडं दर महिन्याला जेव्हीच्या खात्यात खर्ची.

घरच्या कामावर सराव

आता मूळ मुद्दा. गोव्यात एखादं मध्यम काम घ्या, रस्ता रुंदीकरण म्हणा, आणि सहा महिने ते परदेशातलं आहे असं समजून चालवा.

आपली पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. खोदताना नकाशात नसलेली पाण्याची जुनी पाइपलाइन लागली, की सुपरवायझर जेईला (कनिष्ठ अभियंत्याला) फोन लावतो, जेई येऊन बघतो, "बरं, बाजूने घ्या" म्हणतो, पाणीवाले आठ दिवसांनी येतात, आणि एक्स्कॅव्हेटर तोवर उभा. शेवटी मुदतवाढीचा अर्ज करतो, त्यात सगळा दोष पावसावर. मुदत मिळते, दंड टळतो, विषय संपतो. उभ्या मशीनचे पैसे मागायचं कुणाच्या मनातही येत नाही.

फिडिकमध्ये हे चालत नाही. तिथे घटना कळल्यापासून २८ दिवसांत लेखी नोटीस गेली नाही, तर वाढीव मुदतही नाही आणि पैसेही नाहीत, कारण कितीही खरं असो. तपशीलवार क्लेमसाठी १९९९ च्या पुस्तकात ४२ दिवस, २०१७ च्या आवृत्तीत ८४. नोटीस छोटी असते, चार ओळी पुरतात: अमुक साखळीवर (रस्त्यावरच्या अंतराच्या खुणेवर) अमुक तारखेला नकाशात नसलेली पाइपलाइन लागली, त्यामुळे काम थांबलं आहे, अमुक कलमाखाली मुदत आणि खर्च मागणार आहोत. एवढंच. हे पत्र इथल्या पीडब्ल्यूडीच्या कामावरही पाठवा. कार्यकारी अभियंत्याला आधी भेटून सांगा की भांडण नाही, सवय लावतोय. ते हसतील, पण आवक शिक्का मारतील.

नोटिशीला आधार लागतो डायरीचा. बहुतेक साइटवरची डायरी अशी असते: "पाऊस. काम बंद. मजूर १८." याने काहीच सिद्ध होत नाही. नोंद अशी हवी: "साखळी २+३४० डावी बाजू. सकाळी १०.२० ला ३०० मिमी व्यासाची सीआय (बिडाची) पाइपलाइन लागली, नकाशात नाही. फोटो ४. एक्स्कॅव्हेटर क्र. ३ आणि टिपर २ दुपारी १ पर्यंत उभे, मग साखळी २+६०० ला हलवले. तिथे माती कडक, निम्मंच काम. जेई ११.४५ ला आले, तोंडी सांगितलं खोदू नका. मजूर १८, पैकी ११ ना दुसरं काम दिलं. पाऊस नाही." खाली सुपरवायझरची सही, आणि जमलं तर जेईची. मशीन उभं राहिलं, दुसरीकडे हलवलं, तरी नुकसान किती झालं, हे या नोंदीतून नंतर मोजता येतं. तुमचा सुपरवायझर सहा महिने रोज संध्याकाळी हे लिहू शकला तर तो परदेशात चालेल. नाही लिहू शकला तर लिहिणारा माणूस शोधा. मी डिप्लोमा झालेल्या मुलींना हे काम देते. टापटीप असतात आणि साहेबाला न घाबरता विचारतात.

त्याच सहा महिन्यांत दर महिन्याच्या १० तारखेच्या आत मागच्या महिन्याचा खर्च बाबवार काढून बघा: एक घनमीटर डीबीएमला (रस्त्याच्या डांबरी थराला) डिझेल किती, मजुरी किती, भाडं किती, आणि निविदेत किती धरलं होतं. "वर्षाअखेर सीए सांगेल" या उत्तरावर परदेशात कंपनी बुडते. सहा महिन्यांनी कागद काढून बसा. किती नोटिसा गेल्या, किती वेळेवर, किती डायऱ्या कोऱ्या, कितव्या तारखेला खर्च कळला. मग ठरवा.

परकीय कर्जाची शिस्त घरीच बघायची दुसरी वाटही आहे. २००७ मध्ये जपानचं विकासकर्ज घेऊन (ते पुढे जायका या जपानी सरकारी संस्थेकडे आलं) गोव्यात पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाचं मोठं काम झालं. अशा कामांवर उपकंत्राट केलेली माणसं इथे आहेत. त्यांना जेवायला बोलवा, त्यांच्याकडचे पत्रव्यवहाराचे फाइल-गठ्ठे बघायला मागा.

माणसं, आणि इथले कागद

पिवळ्या तापाच्या यादीतल्या देशात जाणाऱ्या माणसाला त्याची लस हवी, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. वास्कोला मुरगाव पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनमध्ये ती मिळते, पण आधी फोन करून दिवस विचारा. कार्ड नसेल तर परत येताना भारतातच सहा दिवस अडकवून ठेवू शकतात. सगळे भारतीय न्यायची स्वप्नं बघू नका. अनेक देशांत परदेशी कामगारांवर मर्यादा असते, आणि ऑपरेटर तिथेही चांगले मिळतात. न्यायचेच तर एक चांगला मेकॅनिक, एक सर्व्हेअर, एक हिशोब बघणारा आणि एक कराराचा माणूस. कॅम्पमधल्या वागणुकीचे नियम लेखी करून प्रत्येकाला समजावून सही घ्या, मुकादमापर्यंत. कामगारांनी स्थानिक मुलींशी केलेल्या गैरवर्तनामुळे युगांडातल्या एका रस्ते प्रकल्पाचा निधी जागतिक बँकेने डिसेंबर २०१५ मध्ये रद्द केला. तेव्हापासून हे कलम निविदेत शोभेसाठी नसतं.

भारतातले कागद तुमचा सीए आणि बँक करतील, फक्त त्यांना काम मिळण्याआधी सांगा. परदेशी कंपनीत भांडवल टाकायचं असेल तर ऑगस्ट २०२२ चे ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंटचे नियम, फॉर्म एफसी, दरवर्षी अहवाल. प्रकल्प निर्यातीची परवानगी बँकेमार्फत, करार झाल्यावर ठरलेल्या दिवसांत ठरलेला फॉर्म. ईसीजीसीचा (सरकारी निर्यात-पतविमा कंपनीचा) विमा. करारातल्या करतरतुदीसाठी भारताचा त्या देशाशी दुहेरी करआकारणी टाळायचा करार काढून एकच गोष्ट आधी बघा: साइट किती महिने चालली की तिथला आयकर लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या नमुन्यात सहा महिने, ओईसीडीच्या नमुन्यात बारा. दोन वर्षांच्या कामाला दोन्हीत कर लागतोच, तेव्हा तो दरात धरा.

निविदा भरायच्या आठवड्यात एक गोष्ट स्वतः जाऊन करा. बिड सिक्युरिटीचा (निविदेबरोबर द्यायच्या बँक हमीचा) नमुना निविदेत दिलेला असतो, तो जसाच्या तसा बँकेला द्या. बँकेचा विधी विभाग एखादं वाक्य सुधारतो, तारीख बदलतो, "जेव्ही"च्या जागी फक्त तुमचं नाव घालतो, आणि निविदा उघडताना ती बाद होते. जेव्ही अजून नोंदली नसेल तर सगळ्या सदस्यांची नावं गॅरंटीवर हवीत. मुदत निविदेच्या वैधतेपेक्षा २८ दिवस जास्त. मसुदा आधी ईमेलने मागवून, निविदेतल्या नमुन्याशी ओळ न ओळ पट्टी ठेवून ताडा, मगच बँकेला छापायला सांगा.